चढावर गाडीचा दम कोंडतो तेव्हा

वहिनीला तोंडावर सगळे वहिनी म्हणतात आणि पाठ वळली की तोफ. हे तिला माहीत आहे. तिचं म्हणणं एवढंच, की लोक निदान पाठीमागे तरी खरं बोलतात.

धंदा तिचा पेशंट नेण्या-आणण्याचा. शहराच्या टोकाला टेकडी आणि टेकडीच्या डोक्यावर दवाखाना. आजारी माणसांसाठीची इमारत चढावर बांधायची अक्कल ज्याला सुचली, त्याला आयुष्यात कधी धाप लागलेली नसणार. तिथं, ज्यांच्या किडन्यांनी राजीनामा दिलाय अशांचं रक्त मशीनवर धुतात. ठरलेल्या वारी जायचं म्हणजे जायचंच, चुकवलं की अंग सुजतं. बसला लोंबकळायची ताकद या माणसांत नसते, आणि टॅक्सीवाले आधी चढाकडे बघतात, मग पेशंटच्या चेहऱ्याकडे बघतात आणि म्हणतात, गाडी रिकामी नाही. वहिनी त्यांना दारातून उचलते आणि दारात सोडते. उचलते म्हणजे खरोखरच उचलते, बगलेत हात घालून. वाटेत कुणी ओकलं तर पुसते, आणि पुसता पुसता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. पेशंटना ते आवडतं. घरी सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलतात, त्याचा त्यांना कंटाळा आलेला असतो.

गाडी सासऱ्यांची. ते गेले आणि गाडी सासूच्या नावावर झाली. नवरा एका कॅन्टीनमध्ये आचारी, भला माणूस, पण दुसऱ्या वळणालाच त्याच्या पोटात ढवळतं. म्हणून स्टिअरिंगवर बायको बसली. इथवर कुणाची तक्रार नव्हती. मग धाकटे भाऊजी घरी बसले. ते एका साहेबाची गाडी चालवायचे. साहेबानं गाडी विकली आणि भाऊजींना चांगल्या शब्दांत निरोप दिला. घरी बसलेल्या पुरुषाला दोन आठवड्यांत घरातली प्रत्येक वस्तू चुकीच्या हातात आहे असं वाटू लागतं. भाऊजींना गाडीबद्दल वाटू लागलं.

नेमका त्याच सुमारास गाडीनं घात केला.

सपाटीवर ती गुमान चालायची. टेकडीचा चढ लागला, की वहिनीनं ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन वरच येईना. नाक दाबून धरलेल्या माणसासारखं घुसमटायचं आणि अर्ध्या चढावर, विजेच्या एका खांबापाशी, गप्प. जरा थांबलं की पुन्हा चालू, जणू काही घडलंच नाही.

"पेट्रोलचा फिल्टर आहे," वहिनीनं भर गॅरेजात जाहीर केलं. "फिल्टर नसला तर माझं नाव बदला."

फिल्टर बदलला. दुसऱ्या दिवशी गाडी त्याच खांबापाशी, त्याच तोऱ्यात बंद पडली. नाव बदलायची गरज नाही, ते आधीच बदललंय, असं गॅरेजात कुणीतरी म्हणालं. वहिनीनं ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. तिच्यासारख्या बाईला याचा किती त्रास होतो, हे तिलाच ठाऊक.

मग मिस्त्रीनं स्वतः गाडी चालवून बघितली. एकट्यानं, थंड इंजिनावर, गॅरेजपासून पानाच्या टपरीपर्यंत आणि परत. गाडी हरणासारखी पळाली.

"वहिनी, गाडी ठणठणीत आहे," तो हात पुसत म्हणाला.

"मग चढावर का मरते?"

भाऊजीही शेजारीच उभे होते. मिस्त्री त्यांच्याकडे वळला. पुरुषांची ही एक खास पद्धत आहे, प्रश्न बाईनं विचारायचा आणि उत्तर शेजारच्या पुरुषाला मिळायचं. "क्लचवर पाय ठेवून चालवत असतील. बायकांना सवय असते. क्लच जळालाय."

भाऊजींना हवं ते आयतं मिळालं. संध्याकाळी ते आईसमोर मांडी ठोकून बसले. "आई, मिस्त्रीच म्हणालाय. माझ्या हातात असती तर नीट चालली असती. हिच्या हातात राहिली तर भंगारात जाईल. गाडी मला दे, मी विमानतळाची भाडी मारतो. स्वच्छ माणसं, स्वच्छ सीट."

"आणि माझे पेशंट?" वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली.

"त्यांना सरकार बघेल."

"सरकार! सरकारला आधी तो चढ चढून दाखवायला सांगा, भाऊजी!"

सासू दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. बाई कमी बोलायची. गाडीतलं तिला एवढंच कळायचं, की ती चालते किंवा चालत नाही. "रविवारपर्यंत बघते," ती शेवटी म्हणाली. "तोवर पुन्हा बंद पडली, तर हा चालवेल. विषय संपला."

नवरा ताटात बघत जेवत राहिला. वहिनीला त्या रात्री झोप लागली नाही. गाडी गेली तर काय उरतं, याचा विचार करायला तिला फार वेळ लागला नाही. चार भिंती, एक ओटा, आणि भाऊजी विमानतळावरून आले की त्यांच्या चहाची वेळ.

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी फुलासारखी चालवली. क्लचला तर पायाची सावलीही लागू दिली नाही. पुढच्या सीटवर मास्तर होते. निवृत्त, तोंडानं फटकळ, रक्त धुऊन घेणाऱ्यांत सगळ्यांत जुने. मागे आणखी दोघं.

"बाई, तुझ्या गाडीत पायाखाली शेगडी ठेवलीयस का?" मास्तर म्हणाले.

"थंडी आहे, मास्तर. फुकट शेकून घ्या."

"तळवे भाजतायत गं. मागच्या आठवड्यातही भाजत होते, पण मला वाटलं, आता हेही दुखणं सुरू झालं."

चढ लागला. खांब आला. गाडी घुसमटली आणि मेली. वहिनीनं स्टिअरिंगवर दोन्ही मुठी आपटल्या आणि अशी शिवी दिली की मागच्या दोघांनी मान खाली घातली. मास्तरांनी घातली नाही. ते ती शिवी पाठ करत असावेत.

"तुझ्या गाडीला झालंय तरी काय?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत! पेट्रोल येतंय, फिल्टर नवा आहे, हवा आत जातेय. सगळं आत जातंय, मास्तर. खायला-प्यायला काही कमी नाही मेलीला!"

"आमचंही तेच," मास्तर म्हणाले. "आत जातं सगळं. बाहेर पडत नाही. म्हणून तर तुझ्या गाडीत बसतो."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की मास्तरांनी शर्टाची गुंडी लागलीय का ते तपासलं.

गाडी पुन्हा सुरू झाली तशी तिनं सगळ्यांना कसंबसं वर पोचवलं, आणि दवाखान्याच्या आवारात गाडी चालू ठेवून ती मागे जाऊन उकिडवी बसली. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. नळीतून धूर येत होता, पण कसा, तर जणू कुणी झोपेत फुंकर घालतंय. शेजारी दवाखान्याची ॲम्ब्युलन्स उभी होती. तिचा ड्रायव्हर बोनेटला टेकून दात कोरत होता.

"ओ दादा, जरा गाडी चालू करा, आणि पाय द्या."

"कशाला?"

"तुमच्या गाडीच्या ढुंगणाला हात लावायचाय."

ड्रायव्हर दात कोरायचा थांबला. पण तोफेशी वाद घालण्यापेक्षा इंजिन चालू करणं सोपं, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. त्यानं ॲक्सिलरेटर दाबला आणि वहिनीच्या तळहातावर जोराचा धक्का बसला. हात बाजूला फेकला गेला. तिनं मास्तरांना आपल्या गाडीत बसवून ॲक्सिलरेटर दाबायला लावला. आवाज घुसमटला, हाताला धक्का काही लागला नाही.

"कोंडलीय," ती म्हणाली. "बिचारी कोंडलीय."

"माझंही निदान असं फुकटात झालं असतं तर बरं झालं असतं," मास्तर म्हणाले आणि रक्त धुवायला आत गेले.

गाडी पुन्हा बंद पडल्याचं घरी कळलंच होतं, पण किल्ली देण्याआधी एकदा ऐका म्हणून वहिनीनं रविवारी सगळ्यांना गॅरेजात जमवलं. सासू मुद्दाम रिक्षा करून आली होती, लुगड्याचा पदर खोचून, कोर्टात आल्यासारखी.

"एक्झॉस्ट बंद झालाय," वहिनीनं सुरुवातच तारस्वरात केली. "मधल्या कॅटमध्ये अडकलंय."

कॅट म्हणजे धूर स्वच्छ करणारा लोखंडी डबा. इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये, नेमका पुढच्या माणसाच्या पायाखाली असतो. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यातून धूर गाळला जाऊन पुढे जातो.

"परवा फिल्टर होता," भाऊजी म्हणाले. "आज मांजर झालंय. उद्या हत्ती निघेल."

गॅरेजात हशा पिकला. वहिनीचे कान लाल झाले. फिल्टरचं तिला बोलायला तोंड नव्हतं, आणि तोंड नसणं तिला कधीच परवडलेलं नाही.

"बरं. क्लच ना? चला मग. भाऊजी, तुम्ही चालवा. पण टपरीपर्यंत नाही, दवाखान्याच्या चढावर. आई मागे बसतील, मिस्त्री बसेल, मीही बसते. आणि आधी गाडी तापू दे."

भाऊजी ऐटीत बसले. सीट मागे घेतली, आरसा वळवला, गॉगल लावला. साहेबाच्या गाडीत लावायचे तोच. सपाटीवर त्यांनी गाडी अशी नेली की सासू खिडकीबाहेर बघून खूश झाली. मग चढ आला. भाऊजींनी गियर बदलला, ॲक्सिलरेटर दाबला, आणखी दाबला, आणि त्याच खांबापाशी गाडी खोकत खोकत मेली.

"बघ!" भाऊजींनी गॉगल काढला. "क्लच. हिनंच जाळून ठेवलाय."

"मिस्त्री," वहिनी म्हणाली, "तू सांग. क्लच घसरत असता तर इंजिन ओरडलं असतं की नाही? गाडी जागच्या जागी आणि इंजिन बोंबलतंय, असं झालं असतं. झालं का? इंजिनच वर आलं नाही. माझ्याकडे बघून बोल, भाऊजींकडे नाही."

मिस्त्रीनं खिडकीकडे बघितलं. "इंजिन वर आलं नाही," तो पुटपुटला.

"जोरात बोल, आईंना ऐकू येऊ दे."

"नाही आलं वर! बास?"

वहिनीनं डिकीतून पाना आणि जाड हातमोजे काढून त्याच्या मांडीवर टाकले. "कॅटच्या आधीचा जोड सैल कर. धुराला तिथूनच बाहेर पडू दे. चढली तर माझं खरं. नाही चढली तर किल्ली भाऊजींची, मी पायी घरी जाते."

मिस्त्री गाडीखाली सरकला. तापलेलं लोखंड, जुने गंजलेले नट, वरून उतारावर उभी गाडी. खालून ज्या शिव्या आल्या त्या वहिनीनं जाणकारीनं ऐकल्या, एक-दोन तिला नव्या होत्या. मग त्यानं पान्याच्या दांड्यानं त्या डब्यावर ठोकलं. आतून आवाज आला, खुळखुळ्यासारखा. त्यानं पुन्हा ठोकलं. खालच्या शिव्या बंद झाल्या.

"जाळी फुटलीय," गाडीखालून आवाज आला. "तुकडे झालेत आत. हळू चालवली की धूर फटीतून निघून जातो. चढावर धूर जास्त, वाट तेवढीच."

"आत्ता कळलं?" वहिनी म्हणाली. "टपरीपर्यंत जाऊन कसं कळणार होतं?"

नट सैल झाले. वहिनी स्टिअरिंगवर बसली, सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या आणि किल्ली फिरवली. गाडीच्या पोटातून असा काही गडगडाट झाला की समोरच्या घरातली बाई चमचा घेऊन गॅलरीत आली, दोन कुत्री भिंतीवरून पलीकडे गेली, आणि सासूनं दोन्ही कानांत बोटं घातली. वहिनीनं ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन वर आलं. गाडी खांब मागे टाकून, वळण घेऊन, सगळ्या टेकडीला शिव्या देत वर चढली आणि दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली. पहारेकरी काठी घेऊन धावत आला, आत कोण आहे ते बघितलं आणि काठी मागे लपवली.

इंजिन बंद झाल्यावर खूप शांत वाटलं.

"बरं," भाऊजी घसा खाकरून म्हणाले. "गाडीचाच दोष होता. मानलं. आता नवीन कॅट बसवलं की प्रश्न मिटला. उद्यापासून मी चालवतो."

वहिनी पाठीमागे वळली. तिनं किल्लीवर हात ठेवला. क्लच, पाय, बायकांची सवय, सगळं खोटं पडलं होतं, आणि तरी किल्ली तिकडेच चालली होती. म्हणजे प्रश्न क्लचचा कधी नव्हताच.

"तू?" सासूनं कानांतली बोटं काढली. "तुझ्या हातात बंद पडली."

"अगं आई, ते कॅट..."

"तू बसलास, बंद पडली. ही बसली, वर आली. मी मागेच बसले होते ना? डोळ्यांनी बघितलं."

"पण मध्ये नट सैल केले! मिस्त्री, सांग ना!"

"मला नटबिट कळत नाही," सासू म्हणाली. "चालवणाऱ्याच्या हातात असतं सगळं. तूच म्हणालास परवा. ही चालवेल. विषय संपला."

भाऊजींनी मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीनं हातमोज्यांकडे बघितलं. मग दोघांनी वहिनीकडे बघितलं, कारण सासूला समजावून सांगू शकेल असं गाडीत एकच माणूस होतं. आठवडाभर ज्या खुळचट तर्कानं वहिनीला गुन्हेगार ठरवलं होतं, तोच आता भाऊजींच्या मानगुटीवर बसला होता, आणि तो अजूनही तितकाच खुळचट होता. हे तिला स्वच्छ दिसत होतं. धूर, जाळी, दाब, सगळं तिच्या जिभेवर तयार होतं. आयुष्यात तिनं एकही वाक्य असं गिळलेलं नव्हतं.

तिनं आरसा आपल्याकडे वळवला, केसांची बट कानामागे घातली, सीट पुढे ओढली.

"चला," ती म्हणाली. "आई, तुम्ही पुढे या, इथं ऊन कमी आहे. भाऊजी, मागे सरका. आणि खिडकीपाशी तोंड ठेवा, आत धूर येतो."