क्लच नसलेली गाडी

"इंजिन कुठंय?" गॅरेजच्या दारातूनच भावाने विचारलं. माझ्या पाठीच्या ऑपरेशननंतर तो मला पहिल्यांदाच भेटत होता. मी काठी टेकत उभी होते. पण विचारपूस झाली ती इंजिनाची.

गाडी आमच्या वडिलांची. लाल, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी उघड्या टपाची जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. वडील परभणीतले कापसाचे व्यापारी. कामासाठी हैदराबादला गेले आणि तिकडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून ही घेऊन आले. आईने कितीतरी दिवस अबोला धरला होता. शाळेतली पोरं हसतात म्हणून भाऊ तिच्यात बसायचा नाही. मी बसायचे. जिंतूर रोडवर वडिलांनी मला तिच्यावरच गाडी शिकवली. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे राहिली. माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. सोनपेठच्या बाजाराला मी तीच घेऊन जायचे.

ऑपरेशननंतर डाव्या पायातला जोर गेला. चालता येतं, पण क्लच दाबला जात नाही. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली, पावसाचं पाणी आत गेलं, इंजिन गंजून जाम झालं. भाऊ पुण्यात जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत वावरतो. एवढ्या काळात त्याने एकदाही फोन करून विचारलं नाही, की गाडी कशी आहे. मी कशी आहे, हे तर लांबच.

मग मीच ठरवलं. अपघातात चेपलेल्या एका जपानी गाडीचं इंजिन आणि त्याला जोडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला. इंजिन बदलायची सरकारी परवानगी रीतसर काढली. शहराबाहेरच्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी माप घेतलं आणि डोकं खाजवलं.

"ताई, इंजिन बसतंय, पण गिअरबॉक्स लय रुंद हाय. दोन शिटांच्या मधला पत्रा कापावा लागंल. असलं काम मी कधी केलं न्हाई."

"मग आता करा," मी म्हटलं.

पत्रा कापला त्याच दिवशी भाऊ दोन मित्रांना घेऊन आला. इंजिन कुठंय म्हणून दारातून विचारलं ते तेव्हाच. मग जुनं इंजिन कोपऱ्यात पोत्यावर ठेवलेलं त्याला दिसलं.

"हा खून आहे," तो म्हणाला. "बाबांची गाडी होती ती. अस्सल."

त्याचा एक मित्र मिस्त्रींकडे बघून म्हणाला, "बाईंना पायाचा त्रास आहे तर ड्रायव्हर ठेवायचा ना! गाडीची वाट कशाला लावायची?"

मी समोर उभी, आणि हा माझ्याबद्दल मिस्त्रींशी बोलतोय! माझ्या अंगाची आग झाली.

"माझ्याशी बोला," मी म्हटलं. "त्रास मला आहे, गाडी माझी आहे. इतकी वर्षं मी ही स्वतः चालवली. आता मी शेजारी बसायचं आणि दुसऱ्याने चालवायची? का? तर तुम्हाला बॉनेट उघडून बघायला बरं वाटावं म्हणून?"

"तसं नाही गं..." भाऊ म्हणाला.

"तसंच आहे. इंजिन शेडमध्ये सडत होतं तेव्हा कुठं होतास तू? पत्रा कापल्यावर तुला बाबा आठवले! माझा पाय गेला, त्याला कुणी खून म्हटलं नाही."

मिस्त्री पाना घेऊन गाडीखाली सरकले. भावाने जाताना जुनं इंजिन मागितलं. घेऊन जा म्हटलं. आता ते त्याच्या पुण्याच्या दिवाणखान्यात रंग देऊन ठेवलंय, असं वहिनीने सांगितलं.

पहिल्या फेरीत गाडी पिंगळीच्या अलीकडे तापून बंद पडली. मिस्त्रींनी मोठा रेडिएटर बसवला, पुढची जाळी मागे-पुढे केली, आणि मग मात्र ती चालली. मी एकटीच होते. डावा पाय सवयीने क्लच शोधत होता. त्याला तिथं काहीच सापडत नव्हतं. पिंगळी स्टेशनापाशी गाडी थांबवली आणि रडले. आनंदाने, असं लिहिलं तर अर्धं खोटं ठरेल. तो जुना, घसा खाकरल्यासारखा आवाज गेला होता. गिअर टाकताना वडील मनगटाला नुसता हलका झटका द्यायचे, ती मजाही गेली. काय गेलं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण ते मला कुणी विचारलंच नाही. सगळे मला गाडीबद्दलच समजावत राहिले.

दिवाळीत भाऊ आला. शेजारी बसला. मी गाडी सोनपेठच्या रस्त्याला काढली.

"आवाज तो राहिला नाही," तो म्हणाला.

"नाही राहिला."

"पण तू चालवतेस छान."

एवढ्यावर सगळं मिटेल असं त्याला वाटलं असावं. माझं मिटलेलं नाही. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकलं.