देवणी जनावरे वगळून

माझ्या मूर्खपणांची रांग लावायची म्हटली तर पुढं कुणी उभं राहायचं ह्यावरून त्यांच्यातच भांडणं लागतील. तरी पहिला मान ह्यालाच: मी माझ्या वडिलांना घरची नऊ जनावरं घेऊन एका जंगलात चारायला बोलावलं. ते जंगल मी तोवर पाहिलेलं नव्हतं. त्याचा नकाशा पाहिला होता. आणि त्या जंगलात बाहेरचं एकही जनावर येता कामा नये असं सांगणारं आख्खं प्रकरण थोड्याच दिवसांपूर्वी माझ्याच दहा बोटांनी टाइप केलं होतं. कार्बन घालून, पाच प्रतींत.

तुम्ही म्हणाल, बाई, मग कळलं कसं नाही? अहो, टायपिस्ट वाचत नसते. शब्द डोळ्यांतून येतात आणि बोटांतून जातात. वाटेत डोकं लागतं, पण तिथं ते मुक्काम करत नाहीत. माझ्या डोक्यात तर तेव्हा मुक्कामाला जागाही नव्हती. तिथं मी स्वतःच पाय पसरून बसले होते.

नांदेडला जंगलखात्याच्या एका लहान कचेरीत मला नवीनच नोकरी लागली होती. किनवटच्या पुढं पैनगंगेच्या अंगानं जे मोठं जंगल आहे, ते इथून पुढं कसं राखायचं ह्याचा आराखडा तिथं बनत होता. कुठल्या भागात माणसानं पाऊल टाकायचं नाही, वणवा अडवायला जाळरेषा कुठून काढायच्या, उन्हाळ्यात कुठले पाणवठे जपायचे. साहेब हातानं लिहायचे, मी टाइप करायची. साहेब नागपूरकडचे, शांत माणूस. आराखडा दहा वर्षांचा होता, पण ते बोलायचे ऐंशी वर्षांचं. "बाई, सागाला वयात यायला तुमचं आणि माझं मिळून आयुष्य लागतं," असं म्हणायचे. मी गंभीर तोंड करून मान हलवायची. माझं लक्ष डब्याकडं.

त्या जंगलाचा नकाशा माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर होता, आणि कुणीतरी तो हिरव्या पेन्सिलीनं फार मन लावून रंगवला होता. मी देवणीकडची. आमच्याकडं जंगल म्हणजे ओढ्याच्या काठच्या बाभळी आणि महादेवामागचा लिंब. हिरवं दिसलं की तो चारा, एवढंच आमचं शास्त्र.

दुष्काळाचं साल होतं आणि जिल्हा नवा होता. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोळा नसताना गायींची शिंगं रंगवली होती. "आता कचेरी आपल्या दारात आली," म्हणत गावभर फिरले होते. त्या उन्हाळ्याच्या तोंडाला ते जनावरांच्या छावणीचं विचारायला गेले, तर जुन्या जिल्ह्याचे म्हणाले नव्यांना विचारा, नवे म्हणाले कागद अजून जुन्यांकडं आहेत. आप्पा दोन्हीकडं हात जोडून, शरणार्थ म्हणून परत आले.

त्यांच्या गायी देवणी जातीच्या. अंग पांढरं आणि तोंड काळं, अशा गायीला आम्ही वानेरी म्हणतो. पणजोबांनी कुठूनशी एक कालवड आणली होती, तिचाच हा सगळा वेल. कुठल्या गायीला कुठला वळू दाखवायचा ह्याचा विचार आप्पा वासराच्या वासरापर्यंत करायचे. आम्हा भावंडांच्या लग्नांचा त्यांनी इतका केला नाही. त्यातली थोरली वानेरी गाभण होती. पाऊस येईपर्यंत तिला जगवायचं, म्हणजे वेल राहील. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

महाशिवरात्रीला मी घरी गेले होते. कडब्याची गंज पार खाली बसलेली. आप्पा तिच्याकडं बघत म्हणाले, "मिरगापोत्तर कसं काढावं, काय कळंना."

माझ्या तोंडात उपासाची भगर होती. तोंड भरलेलं असताना माणसानं गप्प बसावं, त्याचसाठी देवानं ते भरलेलं असतं. मी बोलले.

"आप्पा, खामखा फिकीर करून राहिलाव. आमच्या जंगलात घेऊन या की जनावरं."

"तुमच्या?"

"मग! किती हाय म्हाईत हाय का? नजर ठरत न्हाई. नुसतं हिरवं!"

आई चुलीपुढून म्हणाली, "तू बघितलीस का गं ते?"

"रोज बघते."

खोटं कुठं होतं? भिंतीवर रोज बघतच होते.

पाडव्यानंतर आमची कचेरी दोन महिन्यांसाठी किनवटला हलली. मावशी तिथल्या शाळेत मास्तरीण होती, मी तिच्याकडं उतरले. पहिल्याच दिवशी साहेबांनी जीपमधून सगळ्यांना आत नेलं. मी नवी साडी नेसले होते. आपल्या जंगलात जायचं म्हणून.

आत एकाही झाडाला पान नव्हतं. लांबवर नुसते खांब उभे, राखेच्या रंगाचे. मी म्हणाले, "साहेब, हे सगळं वाळून गेलं की!"

"वाळलं नाही बाई, साग उन्हाळ्यात पानं टाकतो. पावसात पुन्हा येतील."

खाली पानांचा थर होता, चप्पल बुडेल एवढा. सागाचं वाळलेलं पान म्हणजे भाजलेला पापड, मोठा आणि कडक. मी एक उचलून चुरडलं आणि तोंडात घातलं. ड्रायव्हर बघत राहिला. मला बघायचं होतं की गाय खाईल का. गाय सोडा, मीसुद्धा थुंकले.

संध्याकाळी घरी आले तर मावशीच्या हातात आईचं कार्ड. आप्पा एक गडी सोबत घेऊन पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीच निघाले होते. उदगीर, जळकोट, कंधार, नांदेड आणि मग पुढं. "तुझं जंगल आहे म्हणून धीर आहे," आईनं शेवटी लिहवून घेतलं होतं. मावशीनं ते मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

"आता गं भवाने?"

आता काय? चालत निघालेल्या माणसाला तेव्हा कुठं गाठणार? जनावरं सडकेनं जात नाहीत, ज्या शेतात धसकटं असतील तिकडून जातात. मी मग त्या वयाला शोभेल असा उपाय केला. आराखड्याची पक्की प्रत टाइप होत होती. चराईबंदीच्या वाक्यात "बाहेरील सर्व जनावरांस" ह्याच्यापुढं मी हळूच कंस टाकला: (गाभण देवणी जनावरे वगळून).

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. कागद पुढं सरकवला.

"हे कुठून आलं?"

"चुकून, साहेब."

"बाई, चुकून 'देवणी' टाइप होत नाही."

मी रडले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता नोकरी जाणार. साहेबांनी फक्त तो कंस तांबड्या पेन्सिलीनं खोडला. मग भोकरकडं जाणाऱ्या जीपवाल्याला सांगितलं, वाटेत पांढऱ्या गायी घेऊन कुणी म्हातारं माणूस दिसलं तर परत वळव, पुढं चारा नाही म्हणावं. जीपवाला गेला आणि आला. त्याला कुणी दिसलं नाही. त्यानंतर मी रोज टाइप करत राहिले आणि आता पहिल्यांदाच वाचतही राहिले. वाचावं तितकं ते पटत होतं, हीच पंचाईत. कुठं चूक सापडली असती तर भांडता तरी आलं असतं.

आप्पा आले ते सरळ जंगलाच्या नाक्यावर. नाकेदारानं बांबू आडवा केला. निरोप आला तशी मी साहेबांबरोबर जीपमधून पोचले तेव्हा दोघांचं जुंपलं होतं.

"म्हाताऱ्या, परवानगी कुणाची?"

"माझ्या पोरीची. हे जंगल तिचं हाय."

"कामून, वाघीण हाय का तुझी पोरगी?"

तेवढ्यात वाघीण जीपमधून उतरली. आप्पांनी मला पाहिलं, मग माझ्यामागच्या उघड्या सागाकडं पाहिलं. जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. थोरली वानेरी पाय फाकवून उभी होती, पोट तेवढं मोठं, बाकी सगळी कातडी.

"वाटेत छावण्या हुत्या की, आप्पा."

"हुत्या. लातूरचं जनावर घेत न्हाईत म्हन्ले. जिल्हा येगळा हाय तुमचा." आणि मग उगीचच हसून, "आपुनच शिंगं रंगवली नव्हं का."

साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "चला, दाखवतो." आम्ही तिघं पायी आत गेलो. त्या भागात तेवढा एकच पाणवठा उरला होता. डबकंच म्हणा. भोवती चिखल, चिखलात चितळांच्या खुरांची नक्षी, एका कडेला रोहीचं, म्हणजे नीलगायीचं, पोर मरून पडलेलं. पाण्यापर्यंत पोचलं होतं, चिखलातून निघालं नव्हतं. आप्पा खाली बसले. त्यांनी खुरांच्या खुणांवरून बोट फिरवलं.

"तुमची जनावरं आत आली तर हे पाणी दोन दिवस पुरणार नाही," साहेब म्हणाले.

"दोन दिस? सकाळीच संपंल."

"आणि बाहेरच्या जनावरांचा रोग ह्यांना लागला तर..."

"माझ्या गायींना रोग न्हाई!" आप्पा ताडकन उठले. "उपाशी हायत. रोगी न्हाईत."

"माफ करा."

मग आप्पांनी विचारलं, "साहेब, हे तुमी कुणासाठी राखून राहिलाव?"

"जे अजून जन्मले नाहीत त्यांच्यासाठी."

"माझं बी जन्मलं न्हाई की अजून. तिच्या पोटात हाय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आज तुम्हाला सोडलं तर उद्या नाक्यावर चारशे जनावरं उभी राहतील, आणि तीही उपाशीच असतील. त्यांना मी काय सांगू? तुम्हीच सांगा, मी तसं करतो."

मला वाटलं, आप्पा आता काहीतरी असं बोलतील की साहेब गप्प होतील. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ते साहेबांच्या तोंडाकडं बघत होते. ज्या बयेनं हा घोळ घातला ती मधोमध उभी राहून साडीला लागलेली कुसळं काढत होती.

साहेबांनी नाक्याबाहेरच्या एका शेतात जनावरं उभी करू दिली, आपल्या खिशातून थोडा कडबा आणवला. मावशीनं शाळेतल्या पोरांना सांगून पिंपळाचा पाला गोळा केला. चार दिवस निघाले. पाचव्या दिवशी एक कालवड बसली ती उठली नाही. आप्पा तिच्याजवळ सकाळभर बसले आणि उठून मला म्हणाले, "बाजार कोणत्या वारी असतो गं इथं?"

बाजारात कसायाचे लोक फिरत होते. आप्पा त्यांच्याशी बोललेच नाहीत. सीमेपलीकडचा, तेलंगणातला एक शेतकरी आला. त्याच्याकडं विहिरीला पाणी होतं म्हणे, तसं त्यानं हातानं दाखवलं. त्याला मराठी येत नव्हती. आप्पांना कानडी येत होती, तेलुगू नाही. आप्पा त्याला वानेरीचा वेल सांगत होते, पणजोबांपासून. वासरू झालं की त्याला वळू कसला दाखवायचा तेही सांगितलं. तो प्रत्येक वाक्याला "सरे, सरे" म्हणत होता. त्याला काय कळलं, देव जाणे. भाव काय ठरला ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आठही जनावरं त्याच्याबरोबर गेली. वानेरी सगळ्यांच्या मागं होती, हळूहळू, पोट सांभाळत. तिनं वळून बघितलं असं लिहायला मला आवडलं असतं. तिनं बघितलं नाही. तिला पुढं पाण्याचा वास लागला असेल.

आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. आप्पांनी दावी गुंडाळून पिशवीत घातली. गडी आधीच्या गाडीनं पुढं गेला होता. आम्ही दोघं बसस्टँडच्या बाकावर नांदेडच्या गाडीची वाट बघत बसलो. मी केळी आणली होती, ती तशीच पिशवीवर पडली होती. खूप वेळानं मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं: "आप्पा, माझ्यावर रागावलाव का?"

त्यांनी माझ्याकडं न बघता, उपरण्यानं कपाळ पुसत, शब्दशः हे असं उत्तर दिलं:

"रागावून काय करू, माय? दोन-चार दिस रजा मिळती का बघ तुझ्या साहेबाकडून. माझ्यासंगं घरी चल. तुझी आई मोकळा गोठा बघून इचारंल, तवा तू सांग. मला सांगायला यायचं न्हाई."