पाणी घातलेला खड्डा

घरमालकानं वाकून पाहिल्याशिवाय पुंजाराम वायरमन अर्थिंगचा खड्डा बुजवत नाही. "बघा, प्लेट दिसली का? मंग लोटा माती." नवीन जालन्यात लोक याला त्याचा नखरा म्हणतात. तो खुलासा करत नाही.

मूळचा आष्टीचा. आयटीआय करून एक्क्याऐंशी साली जालन्यात आला आणि सतरा वर्षांत त्यानं नाव कमावलं. म्हणून तर स्टेशनाजवळची चारमजली दगडी इमारत त्याच्याकडे आली. निजामाच्या काळात कापसाच्या व्यापाऱ्यानं बांधलेली, तेव्हा गावात तिच्याहून उंच काही नव्हतं. आता एका ट्रस्टनं तिथं एकट्या म्हाताऱ्यांसाठी स्वस्त भाड्याच्या खोल्या केल्या होत्या. जुन्या वायरीचं कापड हात लावला की भुगा होऊन पडायचं. पुंजारामनं चारही मजल्यांची वायरिंग नवी केली. राहिलं फक्त अर्थिंग. कूलरच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर तिनं माणसाला न धरता जमिनीत जावं, यासाठी आठ फूट खोल तांब्याची प्लेट पुरायची, भोवती मीठ आणि कोळसा.

तीन फुटांवर पहार खणकन वाजली. खाली काळा पाषाण. दुसऱ्या दिवशी पाडवा, उद्घाटन. मंडपवाले अंगणात ताटकळलेले. पुंजारामनं तारेचं टोक तसंच कोळशात खुपसलं आणि वर सिमेंटचा चौकोन केला, मधे पाण्याचा पाइप, कारण खाली ओल राहिली तरच वीज जमिनीत जाते. पाडवा झाला की दुसरीकडं खोदू, असं मनाशी म्हणाला. आणि खालच्या मजल्यावर आधीच राहायला आलेल्या सगुणाबाईला सवयीनं सांगूनही गेला, "मावशी, उन्हाळाभर यात रोज तांब्याभर पाणी घाला. तुम्हा सगळ्यांचा जीव यात हाये."

पाडवा झाला. दुसरी कामं आली.

वैशाखात निरोप आला, तिसऱ्या मजल्यावरच्या रखमाजीला कूलरचा झटका बसला. पुंजाराम पोचला तर सगुणाबाई चौकोनापाशी बसून पाइपात पाणी ओतत होती. नळ आठवड्यातून एकदा येण्याचे दिवस.

"मावशी, एवढं पाणी?"

"मी आंघोळ तिसऱ्या दिशी करते, याला बिलकुल रोज पाजते. तू सांगितलं न्हवतं का?"

जिन्यावरून रखमाजी ओरडला, "अन् कूलर मला नाचवून राह्यला! सत्तरीत तमाशात घालतो का रं पुंजाराम? तुझा खड्डा पाणी बी पीत न्हाई आता, वरच तुंबतं."

सगुणाबाईचा चेहरा उतरला. "माझ्यामुळंच झालं असंल. रामनवमीला जांबला गेल्ते, दोन दिस पाणी चुकलं. म्हणून बसला का रं झटका?"

पुंजारामच्या तोंडून निघालं, "असंल."

बोलून तो फाटकापर्यंत गेला. मागून तिचा आवाज येत होता, "रखमाजी, माफ करा बरं, आता एक दिस चुकू द्यायची न्हाई." त्याला तिथून पुढं पाऊल टाकता येईना.

तो परतला. मेन स्विच पाडला, पहार घेतली आणि सगळ्यांसमोर चौकोन फोडला. चिखलातून तार ओढली. ती अलगद हातात आली. टोकाला काहीच नव्हतं.

"मावशी, तुमचं काही चुकलं न्हाई. खाली खडक लागला. मी प्लेट पुरलीच न्हाई. मघाशी बी खोटं बोललो."

सगुणाबाई त्या टोकाकडं बघत राहिली.

"मंग इतके दिस मी पाणी कोणाला पाजलं?"

पुंजारामनं पहार उचलली. मागच्या बाजूला, जिथं मऊ माती होती, तिथं एकट्यानं खोदायला लागला. दुपार टळेस्तोवर आठ फूट झाले. प्लेट बसवून तो वर आला आणि त्यानं हाक मारली, "मावशी, वाकून बघा."

तिनं वाकून पाहिलं, बराच वेळ. मग तोच तांब्या त्याच्यापुढं धरला. "पी आधी."

तांब्या तोंडाला न लावता वरून प्यायचं, तर मान वर करावी लागते. ती त्याच्या समोरच उभी होती. पुंजाराम तांब्या हातात धरून खाली मातीकडं बघत राहिला.