पातूरच्या व्याह्यांचा गाल

सन दोन हजार चोवीस. माझं वय त्र्याहत्तर. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, पण पाच महिने ब्यूनस आयर्सला लेकीकडे राहून एप्रिलात एकटा विमानानं परत आलो. एक रात्र मुंबईत भाच्याकडे थांबा, असं लेकीनं बजावलं होतं. मी थांबलो नाही. सकाळी अकोल्याची गाडी लागलेली दिसली, चढलो. घरी फोनसुद्धा केला नाही. म्हटलं, विस्फारू द्या सगळ्यांचे डोळे.

तिकडे थंडी लागायला सुरुवात झाली होती, म्हणून अंगात स्वेटर. अकोला स्टेशनात उतरलो तर संध्याकाळी सातलाही वारा भट्टीतून आल्यासारखा.

ऑटोवाला म्हणाला, "बाबाजी, ताप आहे काय?"

"नाही बे. हिवाळ्यातून येऊन राहिलो."

"या दिवसांत हिवाळा कुठचा?"

"जमिनीच्या खालच्या अंगाचा."

तो पुलापर्यंत हसत होता. मीही हसत होतो. दोन रात्री झोप नव्हती, तरी डोकं भिंगरीसारखं हलकं झालेलं. मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो तेव्हा मी ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्या दुकानांना हात केला. एका म्हशीलाही केला असेल.

आता पुढचं कळायला दोन गोष्टी सांगायला लागतात.

एक म्हणजे तिकडची रीत. तिथं माणूस भेटला की गालाला गाल लावून मुका घेतात. पुरुष पुरुषाचाही. पहिल्या दिवशी लेकीच्या इमारतीच्या चौकीदारानं माझा घेतला तेव्हा मी हातच उगारला होता. पण रोज तोच आधी पुढं येणार आणि मी मागं, हे मला लागलं. आपण कोणाच्या मागं का राहावं? दुसऱ्या महिन्यापासून मीच आधी जाऊ लागलो. पाववाला, डॉक्टर, लिफ्टमधला म्हातारा, कोणाला सोडलं नाही.

दुसरी गोष्ट आमच्या घरची. तीन वर्षांपूर्वी पोराच्या लग्नात व्याहीभेट झालीच नाही. मी म्हणालो, मुलीवाल्यानं आधी पुढं यावं. पातूरचे व्याही म्हणाले, वयानं लहान त्यानं आधी यावं. ते दोन वर्षांनी मोठे. दोघेही हातात शेला धरून उभेच राहिलो, आणि मांडव उठला. तेव्हापासून बोलणं बंद. आता सुनेला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही तिची हौस. मी जायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, तिच्या बापानं माझ्यासमोर येऊन विचारलं तर पाठवीन. तो येत नव्हता आणि पोरगी सुकत चालली, असं माझी बुढी फोनवर सांगायची.

घरात शिरलो. बैठकीत तीन माणसं बसली होती, मला पाहून दचकून उठली. पहिला माझा पोरगा. घेतला मुका. दुसरा शेजारचा शिंपी. त्याचाही घेतला. मी काय करून राहिलो याचं मला भानच नव्हतं, पाच महिन्यांची सवय हातापायांत भिनलेली. तिसऱ्या गालाला दाढीचे खुंट टोचले आणि तंबाखूच्या खर्ऱ्याचा वास आला. मान मागं घेऊन पाहतो तर पातूरचे व्याही! मी उद्या येणार म्हणून ते आज लेकीला गुपचूप न्यायला आले होते. दाराशी तिची बॅग भरून ठेवलेली.



बुढी म्हणाली, "माय वं! या बुढ्याले तिकडं काय खाऊ घातलं?"

व्याह्यांनी दुपट्ट्यानं गाल पुसला, पोराकडे पाहिलं, शिंप्याकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "इवाई, मंग आधी कोण आलं?"

चूक झाली, असं म्हणायला तोंड उघडलंच होतं. खरं तेच होतं. पण सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पोटावर हात ठेवून.

म्हटलं, "मीच आलो. आता तुमी या."

"मी? अन् तुमचा मुका घेऊ?"

"भेट म्हंजे दोन्हीकडून असते. उधारी ठेवू नका."

"अहो, पण शिंपी पाहून राहिला ना!"

शिंपी म्हणाला, "माहा तर घेऊन झाला, भाऊ. आता कायची लाज?"

व्याही आले. कसाबसा गाल टेकवला, पण मिठी मात्र अशी मारली की माझ्या बरगड्या बोलल्या. दोन म्हातारे एकमेकांना धरून गदागदा हसत होतो आणि मला बाजूला होववत नव्हतं, सोडलं असतं तर भोवळ येऊन पडलो असतो. सून हसता हसता खाली बसली.

"मामाजी, मंग मी जाऊ पातूरले?"

"एकटीनं काऊन? मी येतो सोडाले."

रात्री जेवताना ठेचा, भाकर आणि चार वांगी मी एकट्यानं संपवली. व्याह्यांनी माझा स्वेटर अंगात घालून पाहिला, आणि तसेच जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेची बॅग मी स्वतः उचलली, व्याह्यांच्या गाडीत पुढं बसलो आणि पातूरला गेलो. आंघोळसुद्धा त्यांच्याच घरी केली.