लाँड्रीतली पंचवीस काडतुसं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या क्लबात नेमबाजी संपली की रिकामी काडतुसं पायाशी पडलेली असतात, तसेच तेही पडलेले असतात. कुणीतरी वाकायला हवं, एवढंच. काडतुसं मिलिंद उचलतो, कारण तो ती घरी नेऊन पुन्हा भरतो. किस्से मी उचलते. पंचवीसपैकी सतरा तबकड्या फोडणाऱ्या बाईला दुसरं काय काम!

मिलिंद आमचा इकडे परदेशात, गुंगालिन या उपनगरातला शेजारी. मूळचा पुण्याचा, इंजिनिअर. त्याची बायको अनुजा भूलतज्ज्ञ. माझा नवरा गौरव आणि मी धरून आम्ही चौघं दर शनिवारी सकाळी शहराबाहेरच्या क्लबात जातो. तिथे यंत्र मातीची तबकडी हवेत फेकतं आणि आपण ती शॉटगनने फोडायची. एका फेरीत पंचवीस तबकड्या. दोन वर्षं मिलिंदच्या डोक्यात एकच गोष्ट होती: स्वतःच्या हातांनी भरलेल्या काडतुसांनी पंचवीसच्या पंचवीस फोडायच्या. चोवीसपर्यंत तो चारदा पोचला होता. त्या चारही शनिवारी अनुजाने जेवताना स्कोअरचा विषय काढला नाही. आम्हालाही डोळ्यांनी दटावलं.

* * *

काडतुसं भरायची जागा म्हणजे लाँड्री, घरातली कपडे धुवायची खोली. गराजमध्ये दोन गाड्या, वरची खोली लेकीची, आणि ती युनिव्हर्सिटीतून कधीही टपकते. मग मिलिंदने भरायचं यंत्र एका फळीवर बोल्टने बसवलं. वॉशिंग मशीनशेजारच्या ओट्याला ती फळी क्लॅम्पने आवळायची, काम झालं की दारामागे उभी करायची. खुर्चीला जागा नाही, उभ्यानेच सगळं. एका वेळी पंचवीसच काडतुसं, कारण सव्विसावं ठेवायचं कुठे!

पावडर मोजायचा त्याचा छोटा डिजिटल काटा मध्येच वेडा व्हायचा. आकडे नाचायला लागायचे, पाच मिनिटांनी आपोआप शांत. मिलिंदने आठ दिवस नोंदी ठेवल्या, त्यांचा तक्ता केला, तक्त्याचा आलेख केला आणि विकणाऱ्याला तीन पानी तक्रार धाडली. उत्तर एका ओळीत आलं.

"मेट, काट्याच्या शेजारी वॉशिंग मशीन आहे का?"

तेव्हापासून त्यांच्या फ्रिजवर वेळापत्रक आहे. सोमवार चादरी, बुधवार युनिफॉर्म, गुरुवार काडतुसं.

* * *

भरताना मिलिंदशी बोलायचं नाही, हा कडक नियम. एकेक काडतूस हातात घेणार, पावडर तोलणार, दिव्याखाली धरून आत बघणार, मगच पुढचं. अनुजाला हे पटतं. ती म्हणते, "माझ्या थिएटरमध्ये एवढी शांतता मिळाली तर मी घरीच येणार नाही."

एका गुरुवारी समोरच्या घरातली मावशी आली. लेकीकडे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली, वेळ जाता जात नव्हता. लाँड्रीचं दार लोटलेलं, आत उजेड, आवाज नाही. तिने अनुजाला हळूच विचारलं, "मिलिंदराव कुठायत?"

अनुजा भाजी फोडणीला टाकत होती. लायसन्स, शॉटगन, तबकड्या हे सगळं मावशीला कुठून समजावत बसायचं! ती म्हणाली, "आत आहे हो तो, गुरुवारचं चाललंय. मध्येच सोडता येत नाही."

मावशीने काय समजायचं ते समजून घेतलं. चप्पल बाहेर काढून आली, पदर सारखा केला आणि सोफ्यावर पाऊण तास निमूट बसून राहिली. अखेर दार उघडलं. मिलिंद हातात डबा घेऊन, समाधानी चेहऱ्याने बाहेर आला. मावशी उठली आणि तिने प्रसादासाठी उजवा हात पुढे केला.

अनुजा स्वयंपाकघरातून ओरडली, "मिलिंद, आधी हात धू!"

* * *

आमच्या गौरवला मध्येच हुक्की आली. "शिकव मला, त्यात काय एवढं!" गौरव ठाण्याचा. त्याला घाई जन्मजात आहे.

त्याने चाळीस मिनिटांत पंचवीस काडतुसं भरली आणि हात झटकले. ओट्यावर एक प्लास्टिकचं बूच उरलं होतं. हे बूच पावडर आणि छर्रे यांच्यामध्ये बसतं. मिलिंदने ते उचलून बराच वेळ पाहिलं. "मोजून पंचवीस काढली होती. एका काडतुसात बूच नाहीये."

"कुठल्या?"

"तेच तर. सगळी उघड."

गौरवने एकेक करून पंचवीसही उघडली. मी लाँड्रीच्या दारात उभी राहून हे डोळे भरून पाहिलं, कारण हा माणूस घरात लोणच्याची बाटली उघडायलासुद्धा कुरकुरतो. प्रत्येकात बूच होतं! मग मिलिंदला आठवलं, ते जास्तीचं बूच सकाळपासून त्याच्याच खिशात होतं. खिशातून रुमाल काढताना पडलं असणार.

"सॉरी तरी म्हण!" गौरव तापला.

मिलिंद शांतपणे म्हणाला, "भरायला तर तू आधीच शिकला होतास. आता उघडायलाही आलं."

* * *

बंदुकीची तिजोरी नियमाप्रमाणे आहे की नाही ते बघायला एक तरुण पोलीस आला होता. मिलिंदने फाईल तयार ठेवली होती. बंदुकीची तिजोरी, पावडरचं वेगळं कपाट, प्रत्येक डब्यावर लेबल, लेबलावर तारीख. पोलीस खूष झाला. "ब्युटिफुल," म्हणाला.

जाता जाता त्याची नजर स्वयंपाकघराच्या फळीवर गेली. अनुजाच्या बरण्यांवर कधीच लेबल नसतं. एका बरणीत काळी, भरड पूड होती.

"अँड व्हॉट्स दिस, मॅम?"

"कारळ्याची चटणी. खाऊन बघा ना."

त्याने चांगला चमचाभर तोंडात टाकला. अनुजाने त्यात लाल मिरची सढळ हाताने घातली होती. तो लाल झाला, मग जास्त लाल झाला. मिलिंदने धावत पाणी आणलं. दोन ग्लास संपल्यावर तो डोळे पुसत म्हणाला, "ती पावडर ठीक आहे. ही तिजोरीत ठेवा."

* * *

आता गेल्या महिन्यातला शनिवार.

क्लबात फेरीवर देखरेख कीथ करतो. सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर मेंढ्या पाळलेला, कमी बोलणारा. त्या दिवशी मिलिंदच्या तबकड्या एकामागून एक फुटत होत्या. वीस झाल्या. बावीस झाल्या. अनुजाने माझं मनगट धरलं. चोवीस झाल्या.

पंचविसावी तबकडी सुटली. मिलिंदने चाप ओढला आणि नुसतं फुस्स झालं.

"स्टॉप!" कीथ ओरडला. बंदूक उघडून त्याने नळीतून पाहिलं. आत बूच अडकलं होतं; तसंच पुढचं झाडलं असतं तर नळी फुटली असती. पावडर कमी पडली होती. मिलिंदचा चेहरा पांढरा झाला. "गुरुवारी भरताना मध्येच लेकीचा फोन घेतला," तो एवढंच म्हणाला.

कीथने सळईने नळी साफ केली, पुन्हा तपासली. काडतूस फुसकं निघालं तर ती तबकडी धरत नाहीत, नवी मिळते. पण मिलिंदकडे सव्विसावं काडतूस नव्हतंच. कीथने स्वतःच्या खिशातून एक काढून पुढे धरलं. दुकानातलं.

"घे ना यार!" गौरव पुटपुटला.

मिलिंदने घेतलं. बंदूक खांद्याला लावली, तबकडी सोडायला "पुल!" म्हणाला आणि तबकडीचा भुगा झाला.

टाळ्या, शिट्ट्या! आमच्या क्लबात रिवाज आहे. पहिल्यांदा पंचवीस झाले की त्या माणसाची टोपी समोर हवेत उडवायची आणि त्यानेच ती छर्ऱ्यांनी फोडायची. मग ती चाळण झालेली टोपी भिंतीवर लागते. सगळे मिलिंदच्या टोपीकडे हात करायला लागले. त्याने ती डोक्यावर घट्ट दाबली.

"माझे चोवीस. पंचविसावं कीथचं आहे."

मला तर रडू येईल असं वाटलं. दोन वर्षं, मित्रांनो! कोण विचारणार होतं त्याला?

कीथने जरा विचार केला. "फेअर इनफ," म्हणाला. "देन इट्स माय हॅट."

आणि त्याने डोक्यावरची हॅट काढली. ती हॅट आम्ही कधी उतरलेली पाहिली नव्हती. तिच्या पट्ट्यावर निळ्या दोऱ्याचे टाके आहेत, त्याच्या गेलेल्या बायकोने घातलेले. हे क्लबात सगळ्यांना माहीत आहे. कीथने खिशातून आणखी एक काडतूस मिलिंदच्या हातात ठेवलं, आणि मागे न वळता हॅट जोरात उंच भिरकावली.

मिलिंदने बंदूक उचलली. आवाज झाला. हॅट सावकाश खाली आली आणि गवतावर पडली.

कीथ चालत गेला. हॅट उचलून आतून बाहेरून फिरवून पाहिली, आणखी एकदा पाहिली. एक भोक नाही. त्याने ती डोक्यावर नीट बसवली.

"यू आर अ शॉकिंग शॉट, मेट," तो म्हणाला. म्हणजे, नेम अगदीच भिकार.

"सॉरी, कीथ," मिलिंद म्हणाला. "डोळ्यांवर ऊन आलं."

सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं.