चार नंबरच्या टेबलावरचं बक्षीस

शारजात रोल्ला भागातल्या गर्दीत, मोबाईलच्या आणि अत्तराच्या दुकानांच्या मध्ये, आमचं चौदा टेबलांचं रेस्टॉरंट होतं. मी तिथे सहा वर्षं मॅनेजर होतो. मालक मूळचे रत्नागिरीकडचे, वयाने साठीच्या पुढचे. त्यांना लहानथोर सगळे चाचा म्हणायचे. मी पुण्याचा, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला. त्यामुळे मला सगळं कळतं असा चाचांचा समज होता आणि तो मी बरीच वर्षं मोडला नाही.

एका उन्हाळ्यात आमचे दोन वेटर लागोपाठ समोरच्या रेस्टॉरंटमध्ये गेले. पगार तेवढाच, काम तेवढंच. मग गेले कशाला, हे काही कळेना. त्याच सुमारास मसाले पुरवणाऱ्या कंपनीने आम्हा मॅनेजर लोकांना दुबईत एका दिवसाच्या ट्रेनिंगला बोलावलं. कानाला माईक लावलेल्या बाईंनी आम्हाला विचारलं, "तुम्ही तुमच्या स्टाफचं शेवटचं कौतुक कधी केलंत?" मी आठवून पाहिलं. आदल्या शुक्रवारी मी आचाऱ्याला म्हणालो होतो, "आज बिर्याणीला कुणी नावं ठेवली नाहीत." त्यापलीकडे काही आठवेना.

परत आल्यावर मी चाचांना म्हणालो, "स्टाफसाठी काहीतरी योजना करायला हवी. मोटिव्हेशन."

"पगार वाढवायचा नाय ना?"

"नाही."

"मग कर तुला काय करायचाय ता."

मी एक सोनेरी कप आणला. पस्तीस दिरहम, म्हणजे जवळजवळ आठशे रुपये, असं मी दुकानातच मोठ्याने बोललो आणि दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. कप गल्ल्याशेजारी ठेवला आणि वर एक फ्रेम टांगली. महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी तिच्यात झळकणार होता.

पहिला मान आमच्या सिनियर वेटरला मिळाला. तो केरळचा, हसरा, सात भाषांत 'अजून काही हवं का' विचारणारा. टाळ्या वाजल्या. फोटो लागला. आणि दुसऱ्या दिवसापासून आमचा आचारी माझ्याशी बोलेनासा झाला.

हा आचारी श्रीवर्धनकडचा. त्याला आम्ही वस्ताद म्हणायचो. तिसऱ्या दिवशी मीच किचनमध्ये जाऊन विचारलं, "काय झालं वस्ताद?"

"काय नाय साहेब. ताटात मी शिजवलेलं असतं. तो नुसता चालत आणतो. बक्षीस चालण्याचं असेल तर मलापण चालता येतं."

मला ते पटलं. दुसऱ्या महिन्यात कप वस्तादला दिला. तर वेटर लोकांची चाल मंदावली. पाच नंबरवरचं गिऱ्हाईक हात वर करून करून दमलं, तेव्हा मी सिनियर वेटरकडे पाहिलं. तो नम्रपणे म्हणाला, "सर, बेस्ट तो वस्ताद है. वो ही ले जाएगा टेबल पे."

मग मी मतदान घेतलं. टिश्यूच्या रिकाम्या खोक्यात सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. स्टाफ नऊ जणांचा. चिठ्ठ्या उघडल्या तर नऊ उमेदवार, प्रत्येकाला एक मत. चाचा हसून हसून खुर्चीतून घसरायचे बाकी राहिले. "आमच्या ग्रामपंचायतीत पण असाच झाला होता," ते म्हणाले. "तिथे निदान बायकोचा तरी मत मिळाला उमेदवाराला."

चौथा प्रयोग गिऱ्हाइकांवर सोपवला. प्रत्येक टेबलावर कार्ड: वेटरला दहापैकी गुण द्या. तो प्रयोग बारा दिवस चालला. घास तोंडात जायच्या आत वेटर वाकून म्हणायचे, "सर, फुल टेन!" एका लहान मुलीने कार्डावर मांजर काढलं. ते आपल्यासाठीच काढलंय असा दोन वेटरांनी दावा केला आणि मांजर कोणाकडे तोंड करून बसलंय यावर वाद झाला. रोज चार वाजता चहा पीत पेपर वाचणारे एक म्हातारे गृहस्थ यायचे बंद झाले. रस्त्यात भेटले तेव्हा मी कारण विचारलं.

"चहा पिताना इतकं प्रेम झेपत नाही हो," ते म्हणाले.

मी कार्डं गोळा केली, कप कपाटात टाकला आणि दुपारच्या ब्रेकमध्ये सगळ्यांना बसवून सरळ विचारलं, "तुम्हालाच काय हवंय, ते सांगा."

सगळे आधी कपाच्या कपाटाकडे बघायला लागले. हा नवा सापळा असावा असं त्यांना वाटलं असणार. मग आमची फिलिपिनो कॅशियर म्हणाली, "सर, चेअर."

"कसली चेअर?"

"टु सिट, सर."

ती तीन वर्षं गल्ल्यावर दिवसभर उभी होती. तिच्या बाजूला आठशे रुपयांचा कप ठेवताना मला ते दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खुर्ची आली. त्या खुर्चीवर ती पहिल्यांदा बसली तेव्हा मी उगीचच पार्सलच्या पिशव्या मोजायला आत निघून गेलो.

सगळ्यात शेवटी बोलला तो भांडी धुणारा. नेपाळचा, चाळिशीचा, इतका अबोल की त्याचा आवाज मला नीट ओळखीचाही नव्हता. त्याने खिडकीजवळच्या, एसीखालच्या चार नंबरच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"सर, एक बार उधर बैठ के खाना है. बाद में प्लेट कोई और धोएगा."

आमचा स्टाफ जेवायचा किचनमध्ये, दुधाच्या उलट्या क्रेटवर बसून, हातात ताट धरून. मी चाचांकडे गेलो. ते म्हणाले, "फुकट जेवण तर रोज देतो मी."

"जेवण नको आहे चाचा. टेबल हवंय."

चाचांनी वळून चार नंबरकडे पाहिलं. मग म्हणाले, "खलास, ठरला. दे टेबल."

असं ठरलं, की दर मंगळवारी दुपारी तीनला एकाने चार नंबरवर बसायचं. गुण नाहीत, मतं नाहीत, पाळीने. मेन्यूतलं काय वाटेल ते मागवायचं. वाढायचं बाकीच्यांनी. तक्रारीचा हक्क पूर्ण.

पहिली पाळी अर्थातच भांडीवाल्याची. तो इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून, मुख्य दाराने आत आला. सिनियर वेटरने खुर्ची ओढून दिली. त्याने मेन्यू पहिल्या पानापासून शेवटच्या व्हॅटच्या ओळीपर्यंत वाचला. वेटरने सुचवलं, "पनीर चिली लाऊँ, सर?"

"नहीं. वो आधा वापस आता है."

"मटन हंडी?"

"हड्डी पे मांस छोड़ते हैं लोग. कच्चा रहता है."

किचनच्या खिडकीतून वस्तादचा डाव वाजायचा थांबला. मी जागच्या जागी उभा. सहा वर्षं मी गिऱ्हाइकांना 'जेवण कसं होतं' विचारत होतो आणि ते 'छान' म्हणत होते. खरं काय ते या माणसाच्या सिंकमध्ये रोज येऊन पडत होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटी त्याने दाल फ्राय, जीरा राईस आणि पापलेट मागवलं. "ये तीनों का प्लेट साफ आता है," असं कारणही दिलं. तासभर निवांत जेवला. त्याची भांडी मी घासली. बाह्या वर करून सिंकपाशी उभा असताना चाचा आत आले, मला खालीवर न्याहाळून म्हणाले, "ट्रेनिंगात हाच शिकवला काय?"

वस्तादने आठवडाभर भांडीवाल्याशी अबोला धरला. पण मटण अर्धा तास जास्त शिजायला लागलं. मग एक दिवस, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, तो सिंकपाशी गेला आणि त्याने हळूच विचारलं, "आज क्या वापस आया?" पुढे ते रोजचंच झालं. दोघं दुपारी उष्ट्या ताटांवर वाकून डॉक्टरांसारखे चर्चा करायचे.

दोन महिन्यांनी वस्तादची पाळी आली आणि पेच पडला. त्याच्यासाठी शिजवणार कोण? त्याच्या हाताखालच्यांनी हात वर केले. तेव्हा चाचा म्हणाले, "मी करतो." तरुणपणी दुबईतल्या रास अल खोरला कामगारांच्या मेसमध्ये ते दोनशे माणसांचं जेवण करायचे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पण त्याला पंचवीस वर्षं झाली होती.

चाचांनी सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या करायला घेतल्या. बाहेर वस्ताद टेरिकॉटचा सफारी घालून चार नंबरवर विराजमान झाला.

"पाणी गार नको," त्याने वेटरला सांगितलं. "आणि काटा पुसून आण." पाच मिनिटांनी, "मॅनेजरला बोलव."

मी गेलो. "बोला साहेब," मी म्हणालो.

"तुमचा कूक नवीन हाय काय? लई वेळ लावतो."

खिडकीआडून भाकरी थापल्याचा आवाज एकदम वाढला. ताट आलं. वस्तादने पहिला घास घेतला, डोळे मिटले, कालवणाची वाटी संपवली, दुसरी मागवली, तीही संपवली. आम्ही सगळे बघतोय हे ध्यानात आल्यावर तोंड पुसून म्हणाला, "कालवण बरा हाय. भाकरीला मात्र जीव नाय. कडेला फाटल्ये."

चाचा पिठाचे हात घेऊन बाहेर आले. "मग ऊठ आणि करून दाखव!"

वस्ताद पाठ टेकून बसला. पगार देणाऱ्या माणसाकडे शांतपणे पाहत म्हणाला, "आज मी गिऱ्हाईक हाय. उठणार नाय."

क्षणभर मला वाटलं, आता दोघांची नोकरी गेली, त्याचीही आणि माझीही. चाचांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या भाकरीकडे. भाकरी उचलून कड तपासली. "फाटल्ये खरी," म्हणाले, आणि आत जाऊन पुन्हा पीठ मळायला लागले. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने टाळ्या वाजवल्या आणि 'ते फिश आम्हालाही मिळेल का' म्हणून विचारलं. तेव्हापासून चाचा मंगळवारी सकाळीच किचनमध्ये शिरायचे आणि दारातल्या फळ्यावर 'आजचं खास' म्हणून कालवणाचं नाव लागायचं. वस्ताद त्यांना कांदे चिरायला लावायचा.

त्या वर्षी आमच्याकडून समोर कुणी गेलं नाही. उलट गेलेल्या दोघांपैकी एक परत आला. इंटरव्ह्यूत त्याने पगार विचारलाच नाही. "सर, मेरा मंगलवार कब आएगा?" एवढंच विचारलं.

माझी पाळी असेल असं माझ्या डोक्यातही नव्हतं. पण एका मंगळवारी तीन वाजता कॅशियरने माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि वेटरने मला चार नंबरवर नेलं. तिथे माझी बायको आणि मुलगी आधीच बसलेल्या. सगळ्यांनी मिळून त्यांना गुपचूप बोलावलं होतं. मी बसलो, आणि दाराशी गिऱ्हाईक दिसताच उठलो. वेटरने खांद्याला धरून बसवलं. बारा नंबरवर पाणी नव्हतं, मी पुन्हा उठलो.

"बाबा, यू आर सो बॅड अ‍ॅट धिस," मुलगी म्हणाली.

बायको म्हणाली, "सहा वर्षांत आज पहिल्यांदा दुपारचं एकत्र जेवतोय आपण. बस की जरा."

मी बसलो. भांडीवाला स्वतः पापलेट घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवून तिथेच उभा राहिला. मी काय टाकतो, ते बघायला.