फुलचूरची रिकामी जागा

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा शिक्षक संघटनेचे काम पाहत आणि आमच्या फुलचूरच्या घरात पलंगाखाली, आईच्या शिलाई मशीनच्या बाजूला, तांदळाच्या कोठीवर गठ्ठेच गठ्ठे असत. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला ‘कमळ’ आणि ‘बदक’च्या आधी वाचता आले. कॉलेजात गेल्यावर पत्रके लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्यांतली उद्गारचिन्हे वाढली.

परवाच्या उन्हाळ्यात कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा आदेश निघाला. बाबांची दरेकशाच्या डोंगरातली शाळाही त्यात गेली. शाळा बंद झाली की तिथला शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. जंगलातल्या पोरांना अक्षर देणारा माणूस म्हणे अतिरिक्त! त्या एका शब्दावर मी अख्खे पत्रक लिहिले. बंदीविरुद्ध संघटना न्यायालयात गेली, ती लढाई अजून चालू आहे. पण तोवर या शिक्षकांना कुठेतरी रुजू व्हायचे होते.

त्याची पद्धत अशी. सभागृहात पडद्यावर रिकाम्या जागा दाखवतात आणि सेवाज्येष्ठतेने एकेकाला पुढे बोलावतात. ज्याचा नंबर आधी, तो सोयीची शाळा उचलतो. शेवटच्याला उरलेसुरले. त्यामुळे कालपर्यंत एका डब्यातून जेवणारे लोक एकमेकांकडे चोरासारखे पाहू लागतात. माणसे फोडायला याहून स्वस्त युक्ती नाही.

या वेळी गोंदियाजवळची जागा एकच होती, आमच्या फुलचूरची. त्या शाळेची घंटा आमच्या अंगणात ऐकू येते. पहिला नंबर बाबांचा होता आणि त्यांच्या नोकरीची शेवटची दोन वर्षे उरली होती. आईने मनातल्या मनात त्यांना त्या शाळेत बसवूनही टाकले होते.

आदल्या दिवशी बाबांनी सगळ्या अतिरिक्त शिक्षकांना आमच्या अंगणात बोलावले. नियम एकच, आपापली अडचण सगळ्यांसमोर सांगायची. कोणाचे गुडघे निघाले, कोणाची शेती. शेवटी सर्वांत तरुण मॅडम उठल्या. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला सिकलसेल आहे. त्याला रक्त द्यायला वरचेवर गोंदियाच्या दवाखान्यात आणावे लागते.

“माझा नंबर शेवटचा,” त्या म्हणाल्या. “केशोरी आली तर नोकरी सोडाच लागते मले. नोकरी सोडली तर खाऊ काय, नाही सोडली तर पोराले दवाखान्यात कोण नेईल?”

केशोरी म्हणजे जिल्ह्याचे दुसरे टोक. मग बाबा म्हणाले, “फुलचूर मी सोडून राहिलो, केशोरी मी घेतो. बाकीच्यायनं आपापलं सांगा.”

एकेक जण हो म्हणत गेला. फक्त एक ज्येष्ठ गुरुजी, जे कोणत्याच संघटनेत नव्हते, चप्पल घालत म्हणाले, “संघटनेनं मले कधी चहा नाही पाजला. मी काऊन ऐकू?” आणि गाडीला किक मारून निघून गेले.

तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली.

“मले विचारलं काय?”

बाबा चष्मा पुसू लागले.

“दरेकशाची गाडी पकडाले पहाटे उठून डबा कोण करते? ते लिवलं काय हिनं पत्रकात?” हिनं म्हणजे मी. ते मी खरंच कधी लिहिले नव्हते.

आईने ट्रे खाली ठेवला आणि मॅडमकडे वळली. “पोरगा कोणापाशी ठेवून आलीस, बाई?”

“शेजारणीपाशी.”

आई म्हणाली, “इथं आलीस तर माझ्यापाशी ठेवत जा. मशीनवर बसल्या बसल्या पाहीन.” मग बाबांना म्हणाली, “आन तुम्ही खा केशोरीले जाऊन कच्ची खिचडी. मले फोन करू नोका.”

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटल्या वाटण्याच्या निमित्ताने मीही सभागृहात शिरले. पहिले नाव बाबांचे.

“केशोरी.”

अधिकारी म्हणाले, “गुरुजी, फुलचूर मोकळं आहे. नीट बघा.”

“चष्मा लावूनच आहो साहेब. केशोरी.”

दुसऱ्यानेही फुलचूर सोडले, तिसरीनेही. अधिकारी बाबूकडे झुकले. “त्या शाळेत काही भानगड आहे का?”

“नहीं साहब, स्कूल तो बढ़िया है.”

मग काल बैठकीतून निघून गेलेल्या त्या गुरुजींचे नाव पुकारले. त्यांनी फुलचूर मागितले असते तर आम्ही काहीही करू शकत नव्हतो, नियम त्यांच्या बाजूने होता. मागच्या रांगेत मॅडमनी पदराचे टोक मुठीत घट्ट धरले. गुरुजींनी पडद्याकडे सावकाश पाहिले, मग वळून बाबांकडे.

“एवढ्या जणायनं सोडलेलं उष्टं मी खाऊ काय?” ते म्हणाले आणि दुसऱ्याच गावाचे नाव घेतले.

सभागृह हसले. सर्वांत मोठ्याने बाबा. आजही ते गुरुजी बजावतात की आपण ते संघटनेसाठी केले नाही. आम्हाला चालते.

शेवटी मॅडम उठल्या. फुलचूर अजून पडद्यावर होते. त्यांनी नाव इतक्या हळू घेतले की अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारले. दुसऱ्यांदा मात्र त्यांनी ते वर्गात हजेरी घेतात तशा आवाजात घेतले, आणि अतिरिक्त ठरवलेल्या त्या सगळ्या माणसांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतले.

“शेवटच्या नंबरला सगळ्यात जवळची शाळा,” अधिकारी म्हणाले. “पहिल्यांदाच बघतोय.”

“आम्हीपण साहेब,” बाबा म्हणाले.

आता शाळा सुटली की मॅडमचा मुलगा आमच्याकडे मशीनजवळ बसून कापडाच्या चिंध्यांचे पतंग करतो. बाबा केशोरीहून रोज फोन करतात, आणि एखाद्या दिवशी उशीर झाला तर आईच लावते. दुसऱ्या तालुक्यांतले शिक्षकही त्यांना फोन करून विचारतात, तुम्ही एवढ्या लोकांना तयार कसे केले? बाबा सगळी पद्धत समजावून सांगतात, पण सुरुवात एकाच गोष्टीने करतात: बैठकीला जायच्या आधी घरी विचारा. नव्या पत्रकात हीच सूचना मी सर्वांत वर छापली आहे.